तासातून एकदा

ग्वाल्हेरला लष्करातल्या आमच्या गच्चीवर बंदरांची टोळी यायची. लाल तोंडाची, आखूड शेपटीची. आजी कुरडया वाळत घालून काठी घेऊन बसायची आणि मी तिच्या शेजारी. याच जातीची माकडं एक दिवस मला माझंच शरीर समजावून देतील, असं तेव्हा स्वप्नातही आलं नसतं.

तीन वर्षांपूर्वी मी पुण्यात नोकरी करत होते. क्लायंट अमेरिकेतला, त्यामुळे रात्री दोनपर्यंत कॉल. जेवण म्हणजे कॉफी-बिस्किटं. त्यात मॅरेथॉनसाठी नाव नोंदवलेलं, म्हणून सकाळी उठून पळायचं. वजन नऊ किलो उतरलं. सगळे कौतुक करत होते. पाळी मात्र थांबली. एक महिना, दोन महिने, सहा महिने. कोणाला सांगितलं नाही. आत काहीतरी कायमचं बिघडलंय, एवढीच भीती.

महालक्ष्म्यांना घरी गेले. आईने दरवर्षीसारखं विचारलं, "तुझी तारीख कधी आहे गं?" मला उत्तर देता येईना. रडूच फुटलं.

आई दुसऱ्याच दिवशी डॉक्टरकडे घेऊन गेली. सोनोग्राफी चांगली, थायरॉइड चांगलं, फक्त एलएच आणि एफएसएच ही दोन हार्मोन्स अगदी कमी. डॉक्टर म्हणाल्या, "अंडाशय ठीक आहे. वरून निरोप येत नाहीये, एवढंच. नीट जेव, झोप, पळणं कमी कर."

निरोप येत नाही म्हणजे काय? आमच्या धंद्यात सर्व्हर बंद दिसला की आधी सिग्नल कुठे अडलाय ते बघतात. मीही वाचायला बसले आणि अर्न्स्ट नोबिल या शास्त्रज्ञापाशी पोचले. अमेरिकेत पिट्सबर्गला ते आणि त्यांचे सहकारी ऱ्हीसस माकडांवर, म्हणजे आमच्या गच्चीवरच्याच जातीवर, काम करत होते. या माकडिणींनाही साधारण 28 दिवसांनी पाळी येते.

मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस असतो. तो जीएनआरएच नावाचं हार्मोन सोडतो. त्याच्या इशाऱ्यावर पिट्युटरी ग्रंथी एलएच आणि एफएसएच सोडते आणि अंडाशय कामाला लागतं. नोबिल यांच्या गटाने माकडिणींच्या मेंदूतला तो इशारा देणारा भागच निकामी केला. दोन्ही हार्मोन्स घसरली. मग बाहेरून जीएनआरएच दिलं. सतत दिलं तर काही उपयोग झाला नाही. पण तासातून एकदा, फक्त सहा मिनिटं दिलं, तर पिट्युटरी पुन्हा जागी झाली! हे 1978 मध्ये प्रसिद्ध झालं. एकच औषध, एकच ग्रंथी. फरक फक्त लयीचा.

1980 मधला निष्कर्ष तर मला त्याहून आवडला. पंप महिनाभर तोच एक ठोका देत राहिला, तासाला एक, कमी नाही की जास्त नाही. तरी पूर्ण चक्र झालं, बीजही सुटलं. म्हणजे महिन्याचं कॅलेंडर मेंदूत नसून अंडाशयात आहे. बीजकोश वाढतो तसं इस्ट्रोजेन वाढतं. ते आधी पिट्युटरीला आवरून धरतं, पण दीड-एक दिवस भरपूर राहिलं की उलट एलएचची लाट उसळवतं आणि बीज सुटतं. मेंदूने फक्त ठोका चुकवायचा नाही.

पुढे याच ज्ञानावर बायकांसाठी दर दीड तासाने औषध देणारे पंप आले. आणि सतत परिणाम करणारी औषधं एंडोमेट्रिओसिसमध्ये पाळी मुद्दाम थांबवायला वापरतात.

माझा ठोका उपासमारीने आणि दमणुकीने मंदावला होता. शरीराने काटकसर केली होती. काही तुटलं नव्हतं. हे कळलं त्या रात्री मी शांत झोपले. पोळी-भात दोन वेळा जेवायला लागले, मॅरेथॉन सोडली, दिवसाची टीम मागून घेतली. पाच महिन्यांनी पाळी आली.

त्या माकडिणींचं ऋण मात्र मनात राहतं. त्यांना कोणी विचारलं नव्हतं. 1978 पर्यंत ही माकडं आपल्या देशातून परदेशी प्रयोगशाळांकडे निर्यात होत. त्या वर्षी भारताने बंदी घातली. बरं झालं, असंही वाटतं.

आपल्या घरांतल्या मुलींना एवढंच सांगेन: सलग तीन महिने पाळी आली नाही तर लपवू नका, डॉक्टरांकडे जा. आणि मोठ्यांनो, मुलगी बारीक झाली की लगेच कौतुक करू नका; जेवतेस ना, झोपतेस ना, हे आधी विचारा.

यंदा महालक्ष्म्यांच्या आधी आईने पुन्हा तारीख विचारली. मी सांगितली. नेमकी पूजेच्याच दिवशी येत होती. आई क्षणभर थांबली, मग म्हणाली, "येऊ दे. तू आपली पानावर बस."