उतरती आच

खानदेशात ऋतू तीनच: उन्हाळा, अधिक उन्हाळा आणि फार उन्हाळा, अशी थट्टा बदली होऊन आलेली माणसे हमखास करतात. माझी आई ही थट्टा करीत नसे. ती रडत असे. १९५७ साली लग्न होऊन ती वसईहून जळगावला आली, ती नेमकी मे महिन्यात. बाबा रेल्वेच्या मालधक्क्यावर कारकून होते. वसईच्या वाडीतली सावली, समुद्रावरून येणारा ओलसर वारा आणि विहिरीचे गार पाणी यांवर वाढलेल्या त्या मुलीपुढे एकदम पंचेचाळीस अंशांचे ऊन उभे राहिले. भर दुपारी दाराच्या कडीला हात लावावा तर चटका बसे. 'या गावात हिरवे काही आहे की नाही?' असे तिने विचारले, तेव्हा बाबा तिला गावाबाहेर केळीच्या बागा दाखवायला घेऊन गेले. केळी पाहून तिला माहेर अधिकच आठवू लागले, हे बाबा पुढे हसत हसत सांगत.

आमच्या शेजारी अमळनेरकडच्या एक काकू राहत. घरात अहिराणी बोलत आणि आईशीही तीच बोलत; आईला निम्मे कळे, निम्मे कळत नसे. एके दिवशी आईचे रडे ऐकून त्या आत आल्या आणि म्हणाल्या, "ऊनले शिव्या दीसन काय व्हई व माय? त्याले कामले लाव." म्हणजे उन्हाला शिव्या देऊन काय होणार, त्याला कामाला लाव. आणि त्यांनी आईला हात धरून गच्चीवर नेले.

तेथे कुरडयांचे वाळवण चालले होते. तीन दिवस भिजवलेले गहू वाटून, त्यांचा चीक काढून तो शिजवायचा आणि गरम असतानाच सोऱ्यातून जुन्या धोतरावर कुरडया पाडायच्या. शेजारच्या धोतरावर ज्वारीचे बिबडे पसरलेले होते. आम्ही मुले पुढे हे सारे राखायला बसू लागलो. राखण कमी आणि अर्धवट वाळलेल्या बिबड्यांची चोरी जास्त! काकू ते ओळखून दोन बिबडे आधीच जास्त घालीत.

त्याच उन्हात आईने पुढल्या वर्षी आपला एक पदार्थ वाळत घातला. वसईला राजेळी केळी पिकवून, सोलून उन्हात सुकवतात. तिला सुकेळी म्हणतात. जळगावच्या बाजारात राजेळी नव्हती, बसराई होती. आईने तीच घेतली. वसईच्या दमट हवेत जे काम आठवडाभर चाले, ते येथे निम्म्या दिवसांत उरकले. सुकेळी काळपट झाली, वसईची गोडी काही आली नाही, परंतु काकूंनी ती चाखून आणखी मागितली. आई सांगे, त्या दिवशी मला हे गाव थोडे माझे वाटले. ऊन बदलले नव्हते. त्याच्याकडून एक काम करून घेतले होते, एवढेच.

'छंद' हा शब्द आमच्या घरात कधी उच्चारला गेला नाही. फावला वेळ, आवड, विरंगुळा हे शब्द मी शाळेतल्या निबंधांत लिहिले. ज्यांना मी पाहत होते त्या बायकांचा विरंगुळा त्यांच्या कामातच मुरलेला होता. जुन्या जळगावात बहिणाबाई चौधरींचे घर आहे. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. जात्यावर, शेतात, चुलीपुढे हात चालू असताना त्यांना ओव्या सुचत. त्या घरच्यांनी उतरून ठेवल्या. १९५१ मध्ये बहिणाबाई गेल्या आणि पुढल्याच वर्षी, आचार्य अत्र्यांच्या आग्रहामुळे, त्या ओव्या पुस्तकरूपाने महाराष्ट्रापुढे आल्या. सर्वांना ती प्रतिभा लाभत नाही. परंतु दळताना गाणे सुचावे इतके मन त्या दळण्यात असणे, हे मात्र मी आमच्या गच्चीवरही पाहिले आहे.

पावसाळा आमच्याकडे बेताचाच. म्हणून त्याची अपूर्वाई मोठी. श्रावणाचे सर्वांच्या ओठी असलेले गाणे ज्याने रचले तो बालकवी याच कोरड्या मुलखातला, हे मला लहानपणी खरेच वाटत नसे. त्र्यंबक बापूजी ठोमरे यांचा जन्म १८९० मध्ये धरणगावचा. १९०७ साली जळगावला भरलेल्या कविसंमेलनात या कोवळ्या मुलाला 'बालकवी' ही पदवी मिळाली, आणि १९१८ मध्ये जळगावच्या पुढल्याच भादली स्थानकावर रेल्वेखाली त्याचा अंत झाला. बाबांबरोबर पॅसेंजरने भुसावळला जाताना भादली आले की ते टोपी काढून मांडीवर ठेवीत. आता वाटते, ज्याला पाऊस मोजूनच मिळतो त्याच्याच डोळ्यांना श्रावणातले ऊन आणि सर इतकी वेगळी दिसत असावीत.

पाऊस सरता सरता, भाद्रपदी पौर्णिमेपासून कोजागरीपर्यंत, आमच्या गल्लीत गुलाबाईची गाणी चालत. रोज एका घरी मुली जमत, टिपऱ्या वाजत आणि शेवटी खाऊ ओळखण्याची गंमत होई. झाकलेला डबा हलवायचा, आवाजावरून तर्क करायचा: गोड की तिखट? ओला की कोरडा? जिचा खाऊ कोणालाच ओळखता येत नाही ती त्या दिवशीची राणी. आमच्या घराची पाळी आली की मी राणी ठरणार, हे गल्लीला ठाऊक असे. कारण आई केक करी.

घरात भट्टी नव्हती, ओव्हन हा शब्द तर आम्ही ऐकलाही नव्हता. जाड पातेल्यात तळाशी गिरणेची वाळू पसरायची, ती तापवायची, त्यात केकचा डबा ठेवायचा, वर झाकण आणि झाकणावर निखारे. वसईला असा रव्याचा केक नारळ घालून करतात. जळगावात नारळ महाग, म्हणून आई पिकून काळी पडलेली केळी कुस्करून घाली. कधी तळ लागे, कधी मधला भाग कच्चा राही. डबा हलवला तर आवाज मुळीच येत नसे! मुली हरत आणि हरल्याच्या आनंदात तो केक फस्त होई. गुलाबाई आमची नव्हती आणि केक त्यांचा नव्हता. कोणाच्या मनात मात्र तो हिशेब कधी आला नाही.

थंडीचे दिवस म्हणजे भरिताचे. यावल तालुक्यातल्या बामणोदकडची मोठी हिरवी-पांढरी वांगी कपाशीच्या काड्यांवर भाजायची, ठेचायची आणि कळण्याच्या भाकरीबरोबर खायची. शेतात जेवण असले की जाडसर दळलेल्या गहू-मक्याच्या बट्ट्या गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजल्या जात. आमच्या मुलखातले हेच खरे भाजणे. पाव आणि केक नंतर आले.

दिवाळी आणि नाताळ यांच्या आधी मात्र सारी गल्ली बेकरीच्या भट्टीकडे वळे. नानकटाईचे साहित्य आपले, भट्टी त्यांची. किलोभर मैद्याला पाऊण किलो तूप आणि पाऊण किलो पिठीसाखर. चवीला रवा, बेसन, वेलदोडा. परातीत तूप आणि साखर तळहाताने फेसायची. लोण्यासारखे पांढरे, हलके होईपर्यंत थांबायचे नाही. हे काम आमच्याकडे बाबांचे. मग डबे घेऊन भट्टीवर जायचे आणि नंबर लावून तासन् तास बसायचे.

एकदा नाताळच्या आदल्या दिवशी उशीर होऊ लागला म्हणून आईने भट्टीवाल्या चाचांना घाई केली. ते म्हणाले, "आधी पाव, ताई. नानकटाई उतरत्या आचेची." मग आम्हा मुलांना जवळ बोलावून त्यांनी भट्टीचे तोंड दाखवले. लाकडे आतच जाळायची. विटा तापल्या की निखारे बाजूला सारायचे. विटांत साठलेली पहिली, तिखट उष्णता पावाला लागते. त्या आचेत नानकटाई घातली तर वरून करपते आणि आत पीठ राहते. पावाचे घाण निघून आच उतरली की बिस्किटे आणि नानकटाई. सर्वांत शेवटी, भट्टी जवळजवळ निवल्यावर, पावाचे काप आत सरकवायचे; रात्रभर त्या मंद आचेत सुकून त्यांचे टोस्ट होतात. "और यही सबसे ज्यादा दिन चलता है," चाचा म्हणाले. तेव्हा मी नऊ-दहा वर्षांची होते. वाक्य लक्षात राहिले. अर्थ पुष्कळ उशिरा कळला.

१९८२ मध्ये लग्न होऊन मी धुळ्याला आले. नव्वदएक किलोमीटरचे अंतर; मी आईसारखी रडले नाही. पांझरेच्या काठची धुळ्याची थंडी मात्र जळगावपेक्षा कडक. डिसेंबर-जानेवारीत पारा सात-आठ अंशांवर येतो. माझ्या यजमानांना एकच वेड होते, नाताळचा तारा घरी करण्याचे. बांबूच्या दहा कामट्या, पाच-पाचांचे दोन सांगाडे, टोके सुतळीने बांधलेली आणि मध्ये पाच छोटे टेकू. वरून पतंगी कागद, मैद्याची खळ आणि आत बल्ब. बाजारात प्लास्टिकचे तारे आले तरी ते आपल्या कामट्या तासत बसत. मी गव्हाणीसाठी गहू पेरी. वसईला ते आठ दिवसांत तरारतात. धुळ्याच्या थंडीत बारा दिवस धरावे लागतात, आणि रात्री वर टोपली झाकावी लागते. ही टोपलीची युक्ती समोरच्या घरातल्या वहिनींची. नवरात्रात त्यांचे घट त्याच युक्तीने हिरवे होत.

२०२१ च्या एप्रिलमध्ये यजमान गेले. ते दिवस कसे होते ते सर्वांना ठाऊक आहे. शेवटच्या प्रार्थनेला आम्ही चौघेच होतो. त्या वर्षी मी गहू पेरला नाही, पुढच्याही वर्षी नाही. माळ्यावर त्यांनी बांधून ठेवलेला एक सांगाडा कागदाविना तसाच होता. त्याच्याकडे पाहणे मी टाळत असे. लोक म्हणत, मन रमवा, काहीतरी करा. मला त्या शब्दांचा राग येई. मन रमवायचे म्हणजे त्यांना विसरायचे, असेच मला वाटे. आणि कोणासाठी करायचे? मुलगा दूर, सून दूर. एका माणसाच्या चहाला पातेलेही मोठे वाटते.

२०२३ च्या डिसेंबरमध्ये समोरच्या वहिनी वाटीभर भिजवलेले गहू घेऊन आल्या. "तुम्ही नाही पेरणार तर मी तुमच्या दारात पेरते," म्हणाल्या. सोबत त्यांची आठ वर्षांची नात होती. वहिनींनी खरोखरच पत्र्याच्या झाकणात माती घालून गहू पेरला आणि पाणी घालण्याचे काम नातीवर सोपवून निघून गेल्या. मुलगी रोज येऊ लागली. आलेल्या मुलीला हातावर काही द्यायला नको का? मी परात काढली.

आता जवळ भट्टी उरलेली नाही. मुलाने दिलेला विजेचा लहान ओव्हन खोक्यातच होता, तो काढला. पहिला घाणा करपला. वरून काळा, आत पीठ. मी हात जोडून बसले आणि मग एकदम चाचा आठवले. दुसऱ्या वेळी ओव्हन चांगला तापू दिला, आच कमी केली आणि मगच ताट आत ठेवले. नानकटाईला वर भेगा पडल्या, अगदी हव्या तशा. मुलीने चार खाल्ल्या आणि विचारले, "आजी, माळ्यावर ते काठ्यांचे काय आहे?"

आम्ही दोघींनी तारा खाली उतरवला. कागद कापताना माझा हात थरथरत होता, खळ पातळ झाली होती, एक टोक सुरकुतले. सुतळीच्या गाठी मात्र पक्क्या होत्या. एकही सुटली नव्हती. तो बांधणारा हात मला त्या गाठींत दिसत होता आणि मी रडतच कागद चिकटवीत होते. मुलगी काही बोलली नाही. कोपरे दाबून धरीत राहिली. तारा किंचित तिरपा लागला, पण लागला.

दुःख कमी झाले, असे मी लिहिणार नाही. ते खरे ठरणार नाही. नानकटाई आणि कागदाचे तारे यांनी दुःखे कमी होत असती, तर जगात फार सोपे झाले असते. एवढे मात्र कळले की, हाताने काही करणे म्हणजे गेलेल्याला विसरणे नव्हे. ज्या ऋतूत जे करायचे ते करीत गेले, की गेलेले माणूस त्या कामात भेटते. आईला ऊन नको होते, तिने त्यात केळी सुकवली. मला हे एकटेपण नको होते. पण आहे तीच आच आपली, आणि ती पाव भाजण्याची उरली नसली तरी निवलेली नाही. चाचांनी सांगितलेच होते, सर्वांत टिकाऊ जिन्नस शेवटच्या आचेवर होतो.

हे लिहिताना दारात नवा गहू बोटभर वर आला आहे. रात्र झाली, टोपली झाकायला हवी.