वांगणीचा रिकामा कॅमेरा

ठाण्याहून कर्जतची गाडी धरली की डोंबिवलीला अर्धा डबा रिकामा होतो आणि कल्याणला उभ्या असलेल्यांनाही खिडकी मिळते. विलायती यंत्रे हा मुलूख फार लवकर पाहू लागला. १८५३ साली बोरीबंदरहून सुटलेली आगगाडी ठाण्यापर्यंत आली आणि पुढच्याच वर्षी कल्याणला पोचली. कल्याणपुढे रूळ दोन वाटांनी जातात. डावीकडचे कसाऱ्यावरून नाशिकला, उजवीकडचे कर्जतला. आपण उजवीकडे वळायचे. बदलापूर मागे पडले की दिवाळीच्या सुमारास पिवळी पडलेली भाताची खाचरे दिसतात, उजव्या हाताला चंदेरीचा सुळका वर येतो, आणि मग येते वांगणी.

पाहण्यासारखे इथे काय आहे, असे विचाराल. पण १९१२ साली सुरू झालेल्या एका चित्रपटाचे नशीब याच गावात टांगणीला लागले होते. भारतातला पहिला पूर्ण लांबीचा कथापट मानला जाणारा ‘राजा हरिश्चंद्र’!

दादासाहेब फाळक्यांनी त्यासाठी लंडनहून विल्यमसन कंपनीचा कॅमेरा आणला होता. दिसायला ती तिपाईवर ठेवलेली लाकडी पेटी. विजेचा संबंध नाही. बाजूचे हँडल हाताने फिरवायचे. सेकंदाला दोन फेरे, फेऱ्याला आठ चित्रे. हात मंदावला तर पडद्यावर माणसे धावत सुटायची, हात घाईला आला तर रेंगाळायची. हँडल फिरवणाऱ्या त्र्यंबक तेलंगांना हे काम खुद्द फाळक्यांनीच शिकवले होते. सेकंदाला जवळजवळ फूटभर फिल्म संपे. ती परदेशातून येई आणि तिच्या कडांना भोकेही घरीच, अंधारात पाडावी लागत. सरस्वतीबाई फाळके संसार सांभाळून हे काम करीत. अशा फिल्मचा एक फूट वाया घालवणे म्हणजे केवढी उधळपट्टी!

बाहेरच्या दृश्यांसाठी मंडळी वांगणीला आली, ती फाळक्यांच्या आधी. मुक्काम देवळात पडला. पुढची हकीकत अशी सांगतात, की वेळ जावा म्हणून नटमंडळी पोशाख चढवून तलवारी-भाले खेळू लागली. गावकऱ्यांनी पाहिले आणि दरोडेखोर आले म्हणून पोलीस पाटलाकडे धाव घेतली. पाटील आले. सिनेमा काढतो म्हणावे, तर तो शब्द गावात कुणी ऐकलेला नव्हता. सामान उघडले, तर आत हरिश्चंद्राचा मुकुट आणि दागिने! आता आणखी पुरावा कशाला हवा? सगळे अटकेत.

फाळके धावत आले. तोंडाने सांगून पाटलांना पटेना. तेव्हा त्यांनी कॅमेरा मांडला, आत फिल्म न घालताच, आणि नटांना प्रसंग करायला सांगितला. हँडल फिरू लागले, मंडळी अभिनय करू लागली. पाटील थक्क झाले आणि सारे सुटले.

पाटलांना तरी का हसावे? त्यांनी आपले काम चोख केले. न पाहिलेली गोष्ट नुसती ऐकून कोण खरी मानतो? फाळक्यांनी ओळखले, की इथे वाद घालून उपयोग नाही. काम करून दाखवायला हवे. तेही पदरची फिल्म न दवडता.

३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशन थिएटरात ‘राजा हरिश्चंद्र’ लागला. मुंबईकर लोटले. त्याच वर्षी फाळके बिऱ्हाड घेऊन नाशिकला गेले; म्हणजे कल्याणच्या त्या डाव्या फाट्याने ज्या गावी जातात, तिथे.

त्या चित्रपटाची ३,७०० फूट फिल्म आज पूर्ण शाबूत नाही. वांगणीचा तो प्रसंग तर फिल्मवर उतरलाच नव्हता, पण माणसांच्या तोंडी टिकला. माथेरानला किंवा खंडाळ्याला मुलांना घेऊन याच वाटेने जाल, तेव्हा वांगणी आली की त्यांना तेवढा सांगावा.