खटका

‘मराठी विभागासाठी लेख हवेत’ अशी नोटीस लागली तेव्हा आमच्या ग्रुपने माझ्याकडे बघून मनसोक्त हसून घेतलं. कारण मी पहिलीपासून कॉन्व्हेंटची. एकोणसत्तर आणि एकोणऐंशी यांत माझा आजही गोंधळ होतो. त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाच्या चुकांबद्दल संपादकांची आधीच माफी मागते आणि थेट विषयावर येते. विषय आहे प्राणी पकडायचा सापळा. हसू नका, टीओएमच्या मिनी प्रोजेक्टलाही मी हाच विषय घेतला होता!

त्याआधी मोतीबद्दल सांगायला हवं. मोती म्हणजे आजोळचा कुत्रा. मी नववीत असताना तो दोन दिवस घरी आला नाही. तिसऱ्या दिवशी आला तो तीन पायांवर. चौथा पाय फासकीत अडकला होता. मोटरसायलच्या क्लच वायरची फासकी. ती आमच्याच आजोबांनी रानडुकरांसाठी लावली होती. आदल्या वर्षी डुकरांनी अर्धं भात आडवं केलं होतं. असं काही लावणं 1972 च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे, हे तेव्हा घरात कुणी बोललं नाही. डॉक्टरांना मोतीचा पाय कापावा लागला. मी आजोबांशी आठवडाभर बोलले नाही.

बारावी आणि सीईटी झाल्यावर मी मामाकडे गेले, अमेरिकेत विस्कॉन्सिनला. मामाच्या शेजारी एक सत्तरीचे गृहस्थ राहतात. मी त्यांना मनातल्या मनात आजोबाच म्हणायचे. एक दिवस त्यांच्या गॅरेजमध्ये डोकावले तर भिंतीवर ओळीने लोखंडी सापळे टांगलेले! माझं तोंड बघून मामा म्हणाला, “अगं, त्यांच्याकडे लायसन्स आहे. कोर्स केलाय त्यांनी.” मला मात्र मोतीचाच पाय दिसत होता.

तिथे दोन प्राण्यांसाठी हे सापळे लावतात. एक रकून. डोळ्यांवर चोरासारखा काळा पट्टा असलेला, मक्याच्या शेतात आणि कोंबड्यांच्या खुराड्यात शिरणारा. दुसरा बीव्हर. हा वीस-पंचवीस किलोचा, उंदराच्या जातीचा प्राणी झाडं पाडून ओढ्यावर धरण बांधतो. आपल्या सिव्हिलवाल्यांचा सगळ्यात सीनियर बॅचमेट म्हणा ना! फक्त तो रस्त्याखालची मोरीही बुजवतो आणि मग रस्ता पाण्यात जातो. फेल्टच्या टोप्यांसाठी युरोप-अमेरिकेने त्याची इतकी शिकार केली, की 1900 च्या सुमारास तो बऱ्याच भागांतून संपला होता. पुढे शिकारीवर बंधनं आली, त्याला पुन्हा नेऊन सोडण्यात आलं आणि तो परत वाढला.

सापळ्याची रचना सोपी आहे. दोन जबडे, त्यांना मिटवणाऱ्या दोन कॉइल स्प्रिंग, मध्ये एक तबकडी आणि तिच्यात अडकवलेला खटका. तबकडीवर पाय पडला की खटका सुटतो, स्प्रिंगच्या दांड्या वर येतात आणि जबडे मिटतात. 1820 च्या दशकात न्यूयॉर्क राज्यातल्या ओनायडा इथे स्यूअल न्यूहाउस नावाचा माणूस असे सापळे बनवू लागला. नंतर तिथल्या ओनायडा कम्युनिटीने त्यांचा मोठा कारखानाच काढला. गंमत म्हणजे हीच कम्युनिटी पुढे काट्या-चमच्यांसाठी प्रसिद्ध झाली.

ते शेजारचे आजोबा सुट्टीच्या दिवसांत नवे सापळे आणून त्यांच्यात बदल करत बसायचे. मी जरा रागातच विचारलं, “जास्त घट्ट पकडावं म्हणून?” ते काही बोलले नाहीत. एक जुना सापळा लावून त्यांनी त्यात सुकलेली काटकी टाकली. खाड! दोन तुकडे. मग बदल केलेला सापळा लावला आणि त्यात स्वतःचा हात घातला. मी किंचाळलेच. त्यांनी हात काढून दाखवला. नुसता लाल झाला होता.

मग त्यांनी एकेक बदल दाखवला. जबड्यांच्या कडेला लोखंडी पट्टी वेल्ड करून कड रुंद केलेली. अकरावीचं फिजिक्स! फोर्स तोच, पण कड तीनऐवजी सहा मिलिमीटर झाली की प्रेशर निम्मं. दुसरं, जबडे मिटले तरी मध्ये चार-पाच मिलिमीटरची फट राहते, म्हणजे सगळा जोर हाडावर येत नाही. तिसरं, साखळी बाजूला न लावता बुडाच्या मधोमध, आणि तिच्यात दोन-तीन ठिकाणी गोल फिरणाऱ्या कड्या. प्राणी गरगर फिरला तरी साखळी फिरते, पाय पिळवटत नाही. साखळीतच एक छोटी स्प्रिंग, हिसका सोसायला. तबकडीला स्क्रू, म्हणजे खटका किती वजनाला सुटायचा ते ठरवता येतं आणि खारीसारखा हलका प्राणी अडकत नाही.

सगळ्यात चक्रावून टाकणारी गोष्ट म्हणजे दोनाऐवजी चार स्प्रिंग. मला वाटलं, हा तर छळ! पण पकड ढिली असेल तर पाय जबड्यात घासत राहतो आणि जखमा त्या घासण्यानेच होतात. रुंद कडेचा जबडा घट्ट बसला की पाय हलत नाही. ताकद वाढवून इजा कमी होते, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

रकूनचं आणखी वेगळं. जबड्याखालचा पाय बधिर झाला की तो स्वतःच तो चावत सुटतो. म्हणून त्याच्यासाठी दुहेरी जबडे लावतात, म्हणजे तोंड तिथवर पोचत नाही. नाहीतर सरळ एक नळीच. रकूनचे पुढचे पंजे फार संवेदनशील असतात, सगळं चाचपून बघायची त्याला सवय. नळीच्या तळाशी खाऊ ठेवायचा, तो हात घालून ओढतो आणि अडकतो. कुत्र्याला असा हात घालता येत नाही, त्यामुळे कुत्रा सहसा वाचतो. हे ऐकताना मला मोती आठवला आणि उगाचच नाक चोंदलं.

बीव्हरचा सापळा मोठा असतो. तो पाण्याखाली, मागच्या पायाच्या अंदाजाने लावतात, कारण पोहताना बीव्हर पुढचे पाय छातीशी धरतो. अडकल्यावर तो खोल पाण्याकडे झेपावतो. तारेवरची कडी एकाच दिशेने सरकते. तो खाली जातो आणि परत वर येऊ शकत नाही. बीव्हर पंधराएक मिनिटं श्वास धरू शकतो. मी मनात पंधरा मिनिटं मोजून पाहायला लागले आणि तिसऱ्या मिनिटाला थांबले. शेजारचे आजोबाही तेव्हा गप्प होते. रकूनच्या सापळ्यातून चुकून अडकलेलं मांजर सोडून देता येतं, इथे ते शक्य नाही. या सापळ्यात काय ‘सुधारायचं’ ते मला अजून सुचलेलं नाही. काही ठिकाणी धरणातून जाळी लावलेला पाइप घालतात, पाण्याची पातळी वाढत नाही आणि बीव्हरही राहतो. मला तो उपाय आवडला.

या विषयावर जगात भरपूर भांडणं झाली आहेत. युरोपियन युनियनने 1991 मध्ये पाय पकडणाऱ्या सापळ्यांवर बंदीचा नियम केला. मॅसॅच्युसेट्समध्ये 1996 साली लोकांनी मतदान करून ते बंद केले. मग बीव्हर वाढले, तळघरांत पाणी शिरल्याच्या तक्रारी वाढल्या आणि 2000 मध्ये तातडीच्या परवान्यांची सोय करावी लागली. सापळ्याने होणारी इजा कशी मोजायची यासाठी 1999 मध्ये आयएसओ 10990 हे स्टँडर्डही आलं. आपण ज्या आयएसओचे नंबर पाठ करतो, तेच!

व्हायव्हात सरांनी विचारलं, “या मेकॅनिझममध्ये लोड कोणता?” मी म्हटलं, “पंजा.” सर हसले. फ्री बॉडी डायग्राममध्ये पंजा म्हणजे फक्त एक बाण असतो. पण ते सगळे बदल कुणीतरी त्या बाणाच्या बाजूने विचार करून केलेत. फासकीचं डायग्राम मी त्याच रात्री काढून पाहिलं. एकच तार, एकच टेन्शन. ओढाल तितकी आवळत जाणार. थांबायची कुठे सोयच नाही. शिवाय विस्कॉन्सिनमध्ये जमिनीवरचा सापळा रोज तपासावा लागतो. मोती मात्र दोन दिवस तिथेच होता.

दिवाळीत आजोळी गेले तेव्हा आजोबांना ते डायग्राम दाखवलं. चष्मा लावून त्यांनी बराच वेळ पाहिलं. मग म्हणाले, “पोरी, डुकरं अजून येतातच गं.” खरं होतं ते. मोती पायाशी झोपला होता. त्यांनी कागदाची घडी करून खिशात ठेवली.

पुढच्या सेमिस्टरला प्रोजेक्टचा विषय ठरलाय. शेताचं कुंपण. पार्टनर हवा आहे. मराठी चांगलं असेल तर उत्तमच, रिपोर्ट तपासून देईल!