उतरती सरगम

आमच्या आपाची नात खोपोलीत कीबोर्ड शिकते. परवा तिच्या क्लासच्या बाईंनी गृहपाठ दिला : चायकोव्हस्कीच्या तीन बॅलेंपैकी तुम्हाला आवडणारा एक निवडा आणि तो का आवडतो ते पाच ओळींत लिहून आणा. पोरगी वही घेऊन थेट माझ्याकडे आली. म्हणाली, "नाना, तुम्हीच सांगा. घरात हे तुम्हालाच ठाऊक."

मी म्हटलं, "बेटा, तुझ्या नानीला विचारायला हवं होतं." पण तिची नानी जाऊन जमाना झाला. या पोरीनं तिला पाहिलेलंही नाही.

खालापूर तालुक्यातल्या एका मुसलमानाच्या घरात रशियन बॅलेच्या तबकड्या कशा आल्या, हे आधी सांगायला हवं. अब्बा खोपोलीच्या वीजघरात फिटर होते. १९१५ साली सुरू झालेलं हे टाटांचं वीजघर. घाटमाथ्यावरच्या तलावांचं पाणी मोठाल्या नळांतून खाली येतं, चाकं फिरवतं आणि मग पाताळगंगेला जाऊन मिळतं. अब्बांना नमाज आणि नोकरी यांखेरीज तिसरं काही माहीत नव्हतं. थोरले भाई मात्र लाल बावट्याचे. त्यांच्यामुळे घरात 'सोव्हिएत देश' यायचा. त्याच्या गुळगुळीत कागदाची आम्ही वह्यांना कव्हरं घालायचो. त्यातलाच एक फोटो, पंजाच्या टोकावर उभ्या असलेल्या पांढऱ्या पोशाखातल्या बाईचा, आपानं कापून शिलाई मशीनच्या खणात ठेवला होता. अब्बांना दिसू नये म्हणून वर बॉबिनांचा डबा.

आपा माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. लग्नानंतर तिसऱ्या वर्षी बेवा होऊन, कडेवर लेक घेऊन माहेरी परतली. मग मशीन आणि ती. साऱ्या मोहल्ल्याचे कपडे तिच्याकडे यायचे. १९७२ साली मुंबईत रशियन पुस्तकांच्या प्रदर्शनातून भाईंनी लेनिनचे खंड आणले आणि मी हट्ट करून तबकड्या आणायला लावल्या. पुस्तकांसारख्याच त्याही स्वस्त होत्या. 'हंससरोवर'चे निवडक भाग, 'निद्रिस्त राजकन्या'चे निवडक भाग आणि दोन तबकड्यांचा संपूर्ण 'नटक्रॅकर'. वाजवायला भाईंच्या एका दोस्ताचा जुना फिएस्टा. अब्बा रात्रपाळीला गेले की आम्ही तो काढायचो.

आपाची पसंती पहिल्या रात्रीच ठरली. हंसांची ती प्रसिद्ध सुरावट ओबो या वाद्यावर सुरू होते. आपाचं मशीन थांबलं. "अरे, ही तर शहनाई! शहनाई रडतेय." मी तिला हसलो. आता कळतं, तिचं फार चुकलं नव्हतं. दोन्ही दुहेरी पातीची सुषिर वाद्यं, एकाच घराण्यातली. रविशंकर कोण हे सांगता न येणाऱ्या बाईनं कानानं नातं ओळखलं होतं.

पावसाळ्यात भातखाचरांत बगळे उतरले, की ती मला खिडकीशी बोलवायची. "बघ, आले तुझे रशियन." तिला गोष्टीचा शेवट कळत नव्हता, कारण तबकडीवर गोष्ट नसते. मी कुठूनतरी वाचून सांगितलं, की एका शेवटात राजपुत्र आणि हंसकन्या दोघंही सरोवरात बुडतात, आणि रशियात अलीकडे दुसरा शेवट करतात, त्यात राजपुत्र जादूगाराचा पंख उपटतो आणि दोघं जगतात. आपा म्हणाली, "मग रशियातलाच खरा." भाई एवढ्यावर खूश झाले. त्यांना वाटलं, आपा पक्षात आली.

'मेरा नाम जोकर' मध्ये सर्कसमधली मरीना झालेली रशियन नटी खरोखरच बोल्शॉय थिएटरची नर्तकी आहे, हे मी तिला सांगितलं तेव्हा मात्र तिनं महिनाभर तोच विषय चालवला.

मी स्वतः 'निद्रिस्त राजकन्या'चा. खरं सांगायचं तर तो माझा शिष्टपणा होता. जाणकार तिला वरचढ मानतात, एवढं मी वाचलं होतं. पेतिपा या नृत्यरचनाकारानं किती मात्रांचा तुकडा हवा, कुठं काय भाव हवा, हे लिहून दिलं आणि चायकोव्हस्कीनं त्या मापात सोनं ओतलं. १८९० साली तालमीला झार स्वतः आला आणि 'फार छान' एवढंच म्हणून गेला. चायकोव्हस्कीला ते लागलं, त्यानं रोजनिशीत नोंदवून ठेवलं. सरकारी माणसाची दाद सगळीकडे सारखीच. ही राजकन्या घडीव आहे, देखणी आहे, आजही मी तिला नावं ठेवणार नाही. पण तिच्यापायी माझी रात्र कधी जागी राहिली नाही.

'नटक्रॅकर'ला तर आम्ही पोरांचा खेळ समजायचो. नाताळची रात्र, बाहुल्या, उंदरांची लढाई, मिठाईचा मुलूख. त्यात चॉकलेट म्हणजे स्पॅनिश नाच, चहा म्हणजे चिनी आणि कॉफी म्हणजे अरबी. हा अरबी नाच मुळात जॉर्जियातलं अंगाईगीत आहे. पुढं मी सहा वर्षं अरबांच्या मुलखात काढली, असलं काही कधी कानावर पडलं नाही! पण गोड आहे, हे कबूल.

त्यातच एक जोडनृत्य आहे. हार्पच्या लहरींवर चेलो सुरू होतात. या बॅलेचे जे लोकप्रिय वेचे सगळीकडे वाजतात त्यांत हा तुकडा नाही, आमच्याकडे अख्खा बॅले होता म्हणून तो ऐकला गेला. आपा दोरा ओवता ओवता म्हणाली, "हे काय रे? सां नि ध प म ग रे सा. एवढंच? पेटी शिकणारं पोर पहिल्या दिवशी हे वाजवतं." तिचं बरोबर होतं. सगळे शुद्ध स्वर, वरच्या सापासून खालच्या सापर्यंत सरळ अवरोह. चायकोव्हस्कीसारख्या माणसाला याहून काही सुचू नये? आम्ही दोघंही हसलो आणि सुई उचलून पुन्हा हंसांवर ठेवली.

१९८४ साली मी कुवेतला गेलो. व्हिसासाठी कर्ज काढलं होतं, करार दोन वर्षांचा, पासपोर्ट कंपनीच्या ताब्यात. १९८६ च्या पावसात आपा गेली. तीन दिवसांचा ताप. घरच्यांनी मला कळवलं नाही. मी येऊ शकणार नाही, मय्यत तर त्याच दिवशी होणार, मग परदेशात पोराला कशाला रडवायचं, असा हिशेब. त्यांचा हिशेब चुकीचा होता असं मला आजही म्हणता येत नाही. मला कळलं ते जुम्म्याच्या नमाजानंतर. कर्जतकडचा एक जण माझा हात हातात घेऊन म्हणाला, "अल्लाह त्यांना जन्नत देवो." मी विचारलं, "कुणाला?"

मी गेलो नाही. कर्ज फिटायचं होतं. दुसऱ्या दिवशी पाळीवर हजर झालो.

१९९० साली इराकनं कुवेत घेतलं, तेव्हा हजारो हिंदी माणसांबरोबर मी अम्मानमार्गे रिकाम्या हातानं परत आलो. पुढच्याच वर्षी, ऑगस्ट १९९१ मध्ये, मॉस्कोत उठाव झाला आणि सोव्हिएत दूरदर्शन बातम्यांच्या जागी 'हंससरोवर' दाखवत राहिलं. आमच्या भाईंनी ते पेपरात वाचलं. आयुष्यात कधी संगीत न ऐकलेले भाई त्या संध्याकाळी म्हणाले, "ती आपाची तबकडी काढ." फिएस्टा बिघडलेला होता. ते तबकडी मांडीवर घेऊन नुसते बसले.

मग खूप वर्षांनी, निवृत्तीनंतर, मी चायकोव्हस्कीचं चरित्र सावकाश वाचलं. त्यालाही एक बहीण होती, अलेक्सांद्रा, घरातली साशा. ती त्याच्याहून धाकटी होती. युक्रेनमधल्या कामेंका गावात तिचं घर, आणि त्या एकट्या माणसाला घर म्हणावं असं तेच. १८७१ च्या सुमारास तिच्या मुलांसाठी त्यानं तिथं एक घरगुती नाच बसवला होता. त्याचा विषय हंसांचं सरोवर. १८७७ साली मॉस्कोत आलेल्या आणि तेव्हा फारशा न चाललेल्या मोठ्या बॅलेचं बीज ते. म्हणजे आपाचे हंस मुळात एका बहिणीच्या अंगणात उतरले होते.

आणि १८९१ च्या एप्रिलमध्ये, 'नटक्रॅकर'चं काम अर्धवट असताना, साशा गेली. धाकटा भाऊ मोदेस्त रुआँमध्ये त्याला भेटला, पण त्यानं सांगितलं नाही, कारण समोर अमेरिकेचा दौरा होता. चायकोव्हस्कीला ते कळलं पॅरिसमध्ये, रशियन वर्तमानपत्र चाळताना. परत फिरावं असं त्याच्या मनात आलं. पण अमेरिकेची आगाऊ रक्कम खर्चून बसला होता. तो जहाजात बसला आणि मे महिन्यात न्यूयॉर्कला नव्या कार्नेगी हॉलच्या उद्घाटनात उभं राहून त्यानं वाद्यवृंद चालवला.

हे वाचून मी पुस्तक उपडं ठेवलं आणि अंगणात गेलो.

परतल्यावर त्यानं 'नटक्रॅकर' पुरा केला. १८९२ च्या डिसेंबरात तो रंगमंचावर आला आणि वर्षभरात चायकोव्हस्कीही गेला. ते जोडनृत्य मी मग मोबाईलवर ऐकलं. तोच अवरोह. एकदा उतरतो, पुन्हा वर जाऊन उतरतो, मग सगळा वाद्यवृंद मिळून उतरतो. काही अभ्यासकांना त्यात रशियन चर्चमधल्या मृतांसाठीच्या प्रार्थनेचा पडसाद ऐकू येतो. मला त्यातलं कळत नाही. घाटातून येणाऱ्या नळांसारखं ते खाली येतं, एवढं कळतं. पोरांच्या खेळात, मिठाईच्या मुलखात, त्यानं हे ठेवलं. आणि मी बारा वर्षं 'पोरांचा खेळ' म्हणून सुई उचलत आलो.

आपाला ते सांगता आलं असतं, तर ती बहुधा म्हणाली असती, "तरी पण माझे हंसच." २०१७ साली वेल्डरचा मुलगा अमीरुद्दीन शाह मुंबईतून लंडनच्या रॉयल बॅले स्कूलमध्ये गेला, तेव्हा तर तिनं मोहल्लाभर पेढे वाटले असते, आणि तो राजपुत्र कधी होणार हे मला रोज विचारलं असतं.

पोरगी वही उघडून बसली होती. मी म्हटलं, "लिही, नटक्रॅकर."

"का आवडतो?"

"त्यात एक सरगम आहे, उतरती. तुला येते."

तिनं कीबोर्ड लावला आणि सां पासून सा पर्यंत भर्रकन वाजवून दाखवलं. "ही?"

"हीच. पण हळू," मी म्हटलं. "नि वर जरा थांब."