वाफ्यातली तुळस

इंदापूर तालुक्याच्या आमच्या पट्ट्यात, सणसर-बेलवाडी भागात, तुळस नसलेलं घर शोधून सापडायचं नाही. पण तुळशीचं शेत कुठे आहे असं विचाराल तर माणूस तुम्हाला खालून वर बघेल. शेतात ऊस असतो, डाळिंब असतं, मका, कांदा, पाण्याची सोय असेल तर गहू. तुळस ही दारातली. त्यामुळे डाळिंबाच्या बागेला मर लागली आणि उपटलेल्या झाडांच्या जागी थोड्या गुंठ्यांत मी तुळस लावतोय हे कळल्यावर बांधावरून पहिला प्रश्न आला, "काय दाजी, बुवा झालाय का काय?"

बुवा व्हायचा विचार नव्हता. झोपेचा होता.

शेतीपंपाची वीज आमच्याकडे वर्षानुवर्षं एक आठवडा दिवसा आणि एक आठवडा रात्री अशी येत आली. रात्रपाळीच्या आठवड्यात बॅटरी, काठी आणि खोरं घेऊन उसात शिरायचं. हल्ली उसात बिबट्या आहे म्हणून मोबाइलवर मोठ्याने भजन लावून जायचं. सरीचं पाणी शेवटाला पोचलं की बारं मोडायचं, पुढच्या सरीला द्यायचं, तोवर बांधावर बसून डुलक्या. तरुणपणी याचं काही वाटत नाही. पन्नाशीकडे आलो तसं शरीराने ही वेळ पाठ करून टाकली. पाळी असो नसो, दीडच्या सुमाराला डोळे टक्क उघडे. छातीत धडधड, डोक्यात कारखान्याचं बिल, सोसायटीचं कर्ज, पोरीची फी. पहाटे डोळा लागायचा आणि तेवढ्यात गाय हंबरायची.

बारामतीच्या डॉक्टरांनी पट्टी काढली, रक्त तपासलं. हृदय ठीक होतं, रक्तदाब वाढलेला. त्यांनी रोज एक गोळी दिली आणि चहा किती घेता असं विचारलं. मी मोजून सांगायला लागलो तसं त्यांनी पेन खाली ठेवलं. "निम्मा करा. संध्याकाळनंतर बंद." आता आमच्याकडे कुणाच्या वस्तीवर गेलं आणि चहा नको म्हटलं तर माणूस रुसतो. चहाच्या जागी कपात काहीतरी गरम पाहिजे होतं. पोरगी औषधनिर्माणशास्त्र शिकते, ती म्हणाली, तुळशीचा काढा घ्या, ताणावर तिचा अभ्यास झालाय.

मी दुसऱ्या दिवशी सकाळी वृंदावनापाशी गेलो आणि पानं तोडायला हात घातला, तर आई ओसरीवरून ओरडली, "आरं, आज एकादस हाय!"

आई माळकरी. तिचे नियम पाठ आहेत: एकादशी-द्वादशीला तोडायची नाही, रविवारी नाही, दिवेलागणीनंतर नाही, नखाने खुडायची नाही, पायात चप्पल घालून जवळ जायचं नाही. या सगळ्यातून जे दिवस उरतात त्यात रोज कपभर काढा व्हावा एवढी पानं त्या एका झाडाला नाहीत. शेवटी तिनेच निकाल दिला. "दारची तुळस देवाची. तुला खायाची आसंल तर तुझी तू लाव की रानात. एवढं रान पडलंय."

मला तो निकाल पटला, आणि त्याला भक्तीखेरीज दुसरंही कारण आहे. दारच्या तुळशीकडे एकदा जवळून बघा. बुंध्याला हळदीकुंकवाचा थर, पानांवर उदबत्तीची राख, कुंडीत निरांजनातलं सांडलेलं तेल. बाजारचं कुंकू कशाचं बनलेलं असतं ते कुणाला विचारायची सोय नाही. अशी पानं पोटात घ्यायची नसतात. पूजेची तुळस पूजेला ठेवावी आणि औषधाची वेगळी लावावी, हे मी आता येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतो.

लावायची म्हटल्यावर कळलं की सगळं आयुष्य शेतीत गेलं तरी तुळस कशी पेरतात हे माहीत नव्हतं, कारण दारात ती आपोआप उगवते. बी मोहरीपेक्षाही बारीक, फुंकर मारली तरी उडतं. ते बारीक वाळूत कालवून गादीवाफ्यावर ओळीत सोडलं, वर चाळलेल्या शेणखताचा नुसता हात फिरवला, झारीने पाणी. खोल गेलं की उगवत नाही. आठ-दहा दिवसांत हिरवी लव दिसली. दीडेक महिन्यात रोपं चार-सहा पानांची झाल्यावर दीड दीड फुटावर लावली, डाळिंबाची जुनी ठिबक होती तीच ओढली. काळी पानं आणि जांभळट दांड्याची कृष्ण तुळस अर्ध्यात, हिरवी अर्ध्यात. लखनौच्या 'सीमॅप' या केंद्रीय संस्थेने 'सिम-आयु'सारखे तेलाचं प्रमाण जास्त असलेले वाण काढलेत, पण मी गावातलंच बी धरलं.

जमीन मात्र जपून निवडली. नीरा डावा कालवा 1885 सालचा. त्याने या भागाला ऊस दिला आणि कालव्याच्या अंगाची कितीतरी जमीन चोपणही केली. तिथे पांढरा थर वर येतो आणि पावसाळ्यात पाणी हटत नाही. तुळशीला थोडा ताण चालतो, पण मुळाशी साचलेलं पाणी चालत नाही, मुळं कुजतात. डाळिंबाचा तुकडा मुरमाड आणि उताराचा होता म्हणून निभावलं.

कीड लागत नाही असं तुळशीबद्दल सर्रास सांगितलं जातं. खोटं आहे. पावसाळा सरताना काही झाडांची पानं वरून फिकी, राखाडी दिसायला लागली. पान उलटं केलं तर खाली शाईचे शिंतोडे उडाल्यासारखे काळे ठिपके आणि त्यात जाळीदार पंखांचे चिमुकले किडे चिकटलेले. रस शोषतात. पोटात घ्यायचा पाला म्हणून विषारी फवारणी करायची नव्हती. निंबोळी अर्क मारला, फार लागलेली झाडं तळातून छाटून काढली. थंडी दुसरी शत्रू. जानेवारीत पहाटेचा गारठा पडला की पानं काळपटून गळतात. थंडीत तुळशीला आई गोणपाटाची खोळ घालायची, ते लाड होते असं मला लहानपणी वाटायचं.

मंजिऱ्यांचं तर नवल आहे. मंजिऱ्या फार झाल्या की तुळशीच्या डोक्यावर भार होतो, त्या उतरवाव्यात, असं जुनी माणसं सांगतात. शेतीच्या पुस्तकात तेच दुसऱ्या शब्दांत आहे: तुरे खुडले की झाडाची ताकद बियांत न जाता फांद्यांत जाते, पाला वाढतो. मी अर्ध्या ओळींचे खुडले. उरलेल्या फुलू दिल्या, कारण त्यांच्यावर सकाळी मधमाश्यांचा नुसता घोंगाट असतो आणि पलीकडे उरलेल्या डाळिंबाला माश्या लागतातच.

पहिली कापणी तीनेक महिन्यांनी, झाड फुलावर असताना, जमिनीपासून वीतभर सोडून. खाली कापलं तर फुटत नाही. त्यानंतर दोन-अडीच महिन्यांनी पुन्हा येते. कापायची ऊन कोवळं असताना, दव उडाल्यावर. ओला पाला ढिगाने ठेवला तर आतून तापतो आणि काळा पडतो, म्हणून लगेच पत्र्याच्या शेडमध्ये जुन्या साड्यांवर पातळ पसरायचा, दिवसातून दोनदा परतायचा. पहिल्या खेपेला मंडळींनी सवयीने पाला मिरचीसारखा उन्हात टाकायला काढला होता, मी आडवा आलो. उन्हात रंग जातो आणि वास उडतो. वास गेला की मग राहिलं काय? तुळशीत युजेनॉल नावाचं तेल असतं, लवंगेत असतं तेच. पान चुरलं की लवंगेची जी झणक येते ती त्याची. म्हणून काढाही पातेल्यावर झाकण ठेवून करायचा. उघडा खदखदवला तर घरभर सुगंध सुटतो आणि कपात नुसतं कडू पाणी येतं.

आमचा काढा साधा: दहा-बारा ताजी पानं नाहीतर चिमूटभर वाळलेली, गवती चहाचं एक पातं, ठेचलेलं आलं, गुळाचा खडा. रात्री जेवणानंतर.

आता मूळ मुद्दा, झोप लागली का? लागते. रात्री दीडला डोळा उघडतो अजून, पण पूर्वीसारखा टक्क नाही, कूस बदलली की परत लागतो. पण याचं सगळं श्रेय तुळशीला देणार नाही. रक्तदाबाची गोळी चालू आहे. संध्याकाळचा चहा गेला. आणि सगळ्यात मोठं म्हणजे सौर पंप बसला, भरणं दिवसा आलं. यातलं कशाने किती झालं ते वेगळं काढता येत नाही. पोरीने वाचून दाखवलं ते असं: 2022 साली प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियातल्या एका चाचणीत ताण असलेल्या शंभर माणसांपैकी निम्म्यांना तुळशीचा अर्क, निम्म्यांना तशीच दिसणारी पोकळ गोळी, आठ आठवडे दिली. अर्कवाल्यांनी ताण कमी आणि झोप बरी झाल्याचं सांगितलं, केसांतलं कॉर्टिसोल हे ताणाचं संप्रेरकही त्यांच्यात कमी भरलं. पण तो मोजून मापून काढलेला अर्क होता, 125 मिलिग्रॅम दिवसातून दोनदा. माझ्या पातेल्यात किती उतरतं देव जाणे.

ओळखीच्या वैद्यांना विचारलं तर ते हसले. त्यांचं म्हणणं, जुन्या ग्रंथांत तुळशीचं मुख्य काम कफाचं आणि श्वासाचं. चरकाने 'सुरसा' या नावाने तिला दमा-धापेवरच्या औषधांच्या गटात घातलंय. मन शांत करण्यासाठी तिची जाहिरात अलीकडची. ती उष्ण आहे, तुमच्यासारख्या पित्ताच्या माणसाने चैत्र-वैशाखात हात आखडता घ्यावा. घेतला. उन्हाळ्यात नुसता गवती चहा. डॉक्टरांनी वेगळी सूचना दिली होती: मधुमेहाच्या गोळ्या किंवा रक्त पातळ करणारं औषध चालू असेल तर तुळस भरपूर घेण्याआधी विचारावं, कारण तीही त्याच दिशेला ओढते. गरोदर बाईने काढ्यांच्या वाटेला जाऊ नये. वाड्यावस्त्यांवर हे कुणी सांगत नाही. "झाडपाल्याचं काय, त्याने वाईट होत नाही" यावरच सगळे खूश.

आषाढात, म्हणजे इंग्रजी जून-जुलैत, तुकोबांची पालखी आमच्या अंगावरून जाते. बारामतीचा मुक्काम हलला की काटेवाडीत मेंढ्यांचं रिंगण, सणसरला मुक्काम, बेलवाडीत अश्वांचं गोल रिंगण, मग निमगाव केतकी, इंदापूर आणि सराटीला नीरेचं पात्र. आमच्या घरचा चहा ठरलेला असतो. तुळस हाती आली त्या वर्षी मोठ्या पातेल्यात चहाऐवजी काढा केला. देहूपासून पावसात भिजत आलेली माणसं, निम्म्यांचा घसा बसलेला; पातेलं बघता बघता खाली. एक मावशी डोक्यावरचं वृंदावन अलगद उतरवून पडवीत बसल्या. चुंबळ सोडली, मानेला हात लावला, आणि मी पेला पुढे केला तर म्हणाल्या, "आधी हिला पाणी दे, माउली." वृंदावन प्लॅस्टिकचं होतं, आतली तुळस खरी, वाऱ्याने एका अंगाला कललेली. तांब्याने पाणी घातलं. मग त्यांनी काढ्याचा घोट घेतला आणि विचारलं, "तुळस दारची का?" रानातली आहे म्हटल्यावर निवांत प्यायल्या, वर दुसरा पेलाही मागितला. आई माझ्याकडे बघत होती. मी दुसरीकडे बघितलं.

पैशाचं विचाराल तर सांभाळून. तुळस लावली ही बातमी फुटल्यावर एक एजंट गाडी घेऊन आला. आमची रोपं घ्या, आमच्याशी करार करा, सगळा माल आम्ही उचलू. रोपाचा भाव ऐकून मी गार. बी फुकट मिळतं त्याचं रोप एवढ्याला, आणि माल उचलायच्या कलमात प्रत ठरवायचा अधिकार त्यांचाच. आमच्या भागात शतावरी, सफेद मुसळी, कोरफड यांच्या अशाच कहाण्या होऊन गेल्यात: रोपांचे पैसे रोख जातात आणि माल तयार झाला की फोन लागत नाही. आधी विकणारा शोधावा, मग लावावी. मला बारामतीतले एक आयुर्वेदिक औषधविक्रेते वाळलेला पाला घेतात, स्वच्छ आणि हिरवा असेल तरच. गोणीभर ओला पाला वाळून पिशवीभर होतो, तेव्हा ऊस मोडून तुळस लावा असं मी कुणाला सांगणार नाही.

कार्तिकात तुळशीची लग्नं लागतात. मांडवाला ऊस लागतो, आणि त्याच सुमाराला कारखान्यांची धुराडी पेटतात, तोडणीच्या टोळ्या बीड-नगरकडून येऊन कोप्या घालतात. गेल्या वर्षी आईने वाफ्यातल्या कडेच्या ओळीला हात लावू दिला नाही. टोळीतल्या बायका कोपीपुढे डबड्यात लावायला रोप मागायला येतात, त्यांच्यासाठी ती ओळ राखीव. देताना मुळाशी ओली माती, वर उसाच्या पाचटाची गाठ आणि एक ताकीद, "कोपी हलली की सोबत न्याची बरं का."

यंदा तुकडा तोच ठेवणार नाही. जुनी झाडं लाकूड झालीत. कृष्ण तुळशीच्या सगळ्यात जांभळ्या झाडांचं बी मंजिऱ्या तपकिरी झाल्यावर चुरून, पाखडून डबीत भरलंय. नवी रोपं डाळिंबाच्या बांधाला लावायची आहेत, ओळ सलग, मधमाश्यांसाठी. भिगवणच्या बहिणीने रोपं मागितलीत, शेजारच्या त्या बांधवाल्यानेही; त्याच्या बायकोला झोप येत नाही म्हणे. मी त्याला आधी बारामतीचा रस्ता दाखवलाय, रक्तदाब तपासून ये म्हटलं, रोपं तोवर सहा पानांची होतील.