किरदार

उर्दूत 'किरदार' या एकाच शब्दाचे दोन अर्थ होतात. नाटक-सिनेमातली भूमिका म्हणजे किरदार, आणि माणसाचे चारित्र्य म्हणजेही किरदार. वर्गात हा शब्द शिकवताना आम्हाला आमच्या नगरचे सदाशिव अमरापूरकर हमखास आठवतात.

१९५० साली नगरमध्ये जन्मलेला हा कलावंत मराठी रंगभूमीवर घडला. १९८३ च्या 'अर्धसत्य'मधल्या रामा शेट्टीने त्यांना सहायक अभिनेत्याचे फिल्मफेअर मिळवून दिले. १९९१ च्या 'सडक'मधली महारानी पाहून तर आम्ही भावंडे घाबरून गेलो होतो. फिल्मफेअरने खलनायकाचा पुरस्कार पहिल्यांदा दिला, तो याच भूमिकेला. त्याआधी दूरदर्शनवर, श्याम बेनेगल यांच्या 'भारत एक खोज' मालिकेत, हेच गृहस्थ महात्मा फुले झाले होते. घर सोडावे लागल्यावर ज्यांना उस्मान शेख यांनी आसरा दिला, ते जोतिबा. पण आम्हा मुलांच्या मनात राहिली ती महारानीच. पडद्यावरच्या पात्रावरून माणूस जोखू नये, हे खरे तर आपल्याला कुणी वेगळे सांगायला नको.

त्यांचा दुसरा किरदार आम्हाला २०१३ साली कळला. महाराष्ट्रात दुष्काळ होता, आपल्या जिल्ह्यात गावोगाव टँकर फिरत होते. आणि मुंबईत त्यांच्या शेजारी होळीच्या नावाखाली पाण्याची नासाडी चालली होती. बासष्ट वर्षांचे अमरापूरकर ती थांबवायला गेले आणि त्यांना मारहाण झाली.

मुलांना वुजू शिकवताना आपण सांगतो, वाहत्या नदीकाठी बसलात तरी पाणी वाया घालवू नका. घरात सांगणे सोपे आहे. दुसऱ्याच्या दारात जाऊन सांगणे कठीण. आमच्याच गल्लीत एका लग्नघरासमोर टँकरचे पाणी रस्त्यावरून वाहत होते. लोक नाराज होतील म्हणून आम्ही सलाम करून, जेवून, मुकाट्याने घरी आलो. ते पाणी अजून डोळ्यांसमोर आहे.

३ नोव्हेंबर २०१४ रोजी अमरापूरकर गेले. अंत्यसंस्कार त्यांच्या नगरमध्येच झाले. पुरस्कार त्यांच्या अभिनयाला मिळाले. त्या होळीच्या दिवशी मात्र वाट्याला मारच आला. अल्लाहच्या दरबारात आपल्याला विचारणा होईल, ती या दुसऱ्या किरदाराचीच.

यंदा घरात ठरले आहे. कुणाचा नळ वाहताना दिसला, तर सलाम करायचा आणि सांगायचेही.