घोड-भीमेच्या माहेरी

सहकुटुंब प्रवास ही गोष्ट बोलावयास जितकी सोपी, तितकीच ठरवावयास अवघड आहे. एकट्यादुकट्याने जावयाचे तर पिशवी उचलली की झाले. परंतु घरात ऐंशीच्या पुढची वडील माणसे, शाळेत जाणारी मुले आणि दिवसभर चुलीपाशी असणाऱ्या सुना असल्या म्हणजे प्रत्येक बेतापुढे एक अडचण उभी राहते. मग बहुतेक घरांत ठराविक तोडगा निघतो. तरुणांनी जावे, वृद्धांनी घर राखावे, आणि स्त्रिया बरोबर गेल्याच तर त्यांनी तेथेही स्वयंपाक करावा. अशाने प्रवास होतो, पण तो कुटुंबाचा होत नाही. गेल्या मार्गशीर्षात शिरूर व दौंड येथील आमची चौदा माणसे सह्याद्रीच्या माथ्यावर चार दिवस जाऊन आली. त्या सहलीची आखणी कशी केली, हे इतर घरांच्या उपयोगी पडेल अशा समजुतीने येथे देत आहो.

आमचे कुटुंब एकत्र म्हणावे की विभक्त, हाच मुळी प्रश्न आहे. वडील होते तोवर शिरूरच्या वाड्यात एकच चूल होती. त्यांच्या मागे वाटणी झाली. धाकटे बंधू रेल्वेच्या नोकरीमुळे दौंडला होते, ते तेथेच घर बांधून राहिले. उघड भांडण कधी झाले नाही, पण बोलणे कामापुरते उरले. सात वर्षे दोन्ही घरची माणसे श्राद्धपक्षाला आणि लग्नमुंजीला तेवढी एका पंक्तीला बसत. मातोश्री सहा महिने शिरूरला आणि सहा महिने दौंडला असत. त्यांची ट्रंक इकडून तिकडे नेताना आम्हा दोघा भावांची जी भेट होई, तीही बहुधा उंबरठ्यातच.

सहलीची गोष्ट प्रथम काढली ती दौंडच्या पुतण्याने. शिरूर तालुक्यात रांजणगावला अष्टविनायकांपैकी महागणपती आहे, आणि त्याच गावाजवळ आता मोठी औद्योगिक वसाहत आहे. तेथील एका कोरियन कारखान्यात तो नोकरीस आहे. त्याने कोरियातील गांगवॉन ह्या डोंगराळ प्रांताचा बेत मांडला. २०१८ साली ज्या प्योंगचांगला हिवाळी ऑलिंपिक सामने झाले ते ह्याच प्रांतात. सोराकसान हे १,७०८ मीटर उंचीचे शिखरही तेथलेच. जानेवारीत तेथे रात्री पारा शून्याखाली दहा-बारा अंश उतरतो आणि डोंगर बर्फाने झाकून जातात. तेथील घरांत जमीनच खालून तापवलेली असते, तीवर अंथरूण घालून माणसे ऊबदार झोपतात. बौद्ध मठांतले जेवण शाकाहारी, आणि त्यात कांदा-लसूण मुळीच नसतो. ही शेवटची माहिती ऐकून आमच्या घरच्या मंडळींनी कोरियाविषयीचे आपले मत तत्काळ पुष्कळ सुधारले.

तथापि हिशेब मांडला तेव्हा बेत डळमळला. चौदा माणसांची पारपत्रे, प्रवेशपरवाने, विमानात आठ-नऊ तास, आणि पुढे गोठवणारी थंडी. पुतण्याने कारखान्यातल्या एका कोरियन सहकाऱ्याचा सल्ला घेतला होता. त्या गृहस्थाने खर्चाची, कपड्यांची चौकशी करण्यापूर्वी एकच प्रश्न विचारला म्हणे, “तुमच्यात सर्वांत सावकाश चालणारे कोण?” त्यांच्याकडे चांद्र नववर्षाला घरोघरची माणसे गावी जमतात आणि वडिलांना वाकून नमस्कार करतात. तेव्हा घरच्या प्रवासाचे माप वडील माणसांच्या पावलांवरून घ्यावे, हे त्याला उघडच वाटले असावे. आमच्याकडे त्या प्रश्नाला उत्तर एकच होते. मातोश्रींचे वय एक्याऐंशी, गुडघे धरलेले आणि छातीला दम्याची खोड.

त्यांनाच विचारले, तेव्हा त्या म्हणाल्या, “अरे, बर्फ तुम्ही मुले पाहून या कधीतरी. मला एवढे दाखवा, ही आपली घोडनदी येते कुठून? साठ वर्षे तिचे पाणी भरले, पण तिचे माहेर काही पाहिले नाही.”

येथे दोन्ही गावांचा भूगोल थोडा सांगितला पाहिजे. शिरूर घोड नदीच्या काठी आहे. जुनी माणसे गावालाच ‘घोडनदी’ म्हणत. दौंड भीमेच्या काठी आहे, आणि १८७८ साली सुरू झालेला मनमाडचा लोहमार्ग तेथे पुलावरून भीमा ओलांडतो. दोन्ही तालुके पर्जन्यछायेतले. वर्षाकाठी वीस-बावीस इंच पाऊस पडला तरी बरे वर्ष म्हणावयाचे. परंतु दोन्ही नद्या उगम पावतात त्या सह्याद्रीच्या एकाच रांगेत. भीमा भीमाशंकराला, आणि घोड तिच्या उत्तरेस आहुप्याच्या बाजूला. भीमा तुळापुरास इंद्रायणीला आणि पुढे मुळामुठेला भेटते. घोड मीना आणि कुकडी ह्यांचे पाणी घेत शिरूरच्या मुलखातून जाते, आणि दौंडच्या वरच्या अंगाला भीमेस मिळते. म्हणजे दौंडच्या पुलाखालून वाहते त्या पाण्यात शिरूरचे पाणी आधीच मिसळलेले असते. मातोश्रींच्या बोलण्याने हे प्रथमच आमच्या ध्यानात आले, आणि स्थळ ठरले.

पुढचा प्रश्न काळाचा. भीमाशंकरच्या डोंगरावर पावसाळ्यात आमच्या गावच्या पाच-सहा पट पाऊस कोसळतो. धबधब्यांच्या ओढीने पुष्कळ लोक तेव्हाच जातात. परंतु ३० जुलै २०१४ रोजी ह्याच आंबेगाव तालुक्यातील माळीण गावावर डोंगर घसरून दीडशेच्या आसपास माणसे गाडली गेली, हे विसरून वृद्धांना व मुलांना त्या दिवसांत घाटात नेणे आम्हास पटले नाही. उन्हाळ्यात डोंगर करपलेला असतो. मार्गशीर्ष-पौषात हवा स्वच्छ, रान अजून हिरवे आणि वाटा कोरड्या असतात. त्यातही सोमवार व मोठ्या सुट्ट्या टाळाव्यात. १ जानेवारीस कोरेगाव भीमा येथे लाखो लोक अभिवादनास जमतात व पुणे-नगर रस्त्याची वाहतूक वळवलेली असते, म्हणून तो दिवसही प्रवासासाठी धरू नये. मंदिराचे बांधकाम निघाले असता दर्शन काही काळ बंद राहते. तेव्हा निघण्यापूर्वी चौकशी अवश्य करावी.

वाहनाविषयी दोन्ही घरांनी आपापली मोटार न्यावी अशी प्रथम सूचना होती. ती मातोश्रींनी मोडून काढली. “मग मी कोणाच्या गाडीत बसू?” एवढेच त्यांनी विचारले. शेवटी सतरा माणसांची एकच गाडी भाड्याने ठरली. ती दौंडहून निघाली आणि चौफुला, पारगाव, न्हावरे ह्या मार्गे शिरूरला येऊन आम्हाला घेऊन मंचरकडे वळली. मंचरपासून भीमाशंकर सुमारे साठ किलोमीटर आहे, पण शेवटची वाट वळणांची. म्हणून पहिला मुक्काम अलीकडेच घोडेगावी केला. एका दिवसात जे होते त्याला आम्ही दोन दिवस दिले. दर तासाला गाडी थांबे आणि मातोश्री दहा पावले चालत.

स्त्रियांसाठी एक नियम केला: चार दिवस घरच्या कोणत्याही बाईने चूल पेटवावयाची नाही. दशम्या, मेतकूट, तिळाची चटणी आणि गूळपोळ्या बरोबर होत्या. बाकी जेथे उतरू तेथे पिठलेभाकरी सांगावयाची. खर्चाची सामाईक थैली दोघी जावांच्या हाती दिली आणि वहीत टिपण करावयास नातीस बसवले. वाटणीच्या वेळी हिशेबांवरूनच मने दुखावली होती, म्हणून थैली पुरुषांकडे नसावी असे आम्हा दोघा भावांना न बोलता पटले. मुलांना मात्र एक ताकीद होती. शिरूर, आंबेगाव, जुन्नर ह्या पट्ट्यात उसामुळे बिबट्यांचा वावर फार आहे. दिवेलागणीनंतर कोणीही एकट्याने मुक्कामाबाहेर पडावयाचे नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी डिंभे धरण पाहिले. घोड नदी येथे अडवली आहे, आणि जलाशयाला ह्याच तालुक्याचे सुपुत्र हुतात्मा बाबू गेनू ह्यांचे नाव दिले आहे. बारा-तेरा अब्ज घनफूट पाणी येथे साठते आणि कालव्यांनी आंबेगाव, जुन्नर, शिरूर व पलीकडे नगर जिल्ह्यातल्या तालुक्यांपर्यंत जाते. ज्या गावावरून तालुक्याला आंबेगाव हे नाव मिळाले ते जुने गाव ह्याच पाण्याखाली आहे. काठावरच्या ज्या महादेव कोळी कुटुंबाकडे आम्ही दुपारी जेवलो, तेथील आजीबाईंनी हात लांब करून पाण्यातली एक जागा दाखवली. तेथे त्यांच्या सासऱ्यांची भाताची खाचरे होती. “तुमच्या खालच्या उसाला जाते ते आमच्या खाचरांवरचे पाणी,” त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. कालव्याचे आवर्तन चार दिवस लांबले की शिरूरला आम्ही किती आरडाओरडा करतो, ते आम्हास आठवले. मातोश्री त्यांच्या शेजारी बसल्या आणि दोघी किती तरी वेळ आपापल्या सासरच्या विहिरींविषयी बोलत राहिल्या. निघताना मातोश्रींनी आपल्या अंगावरची शाल त्यांना दिली, आणि त्यांनी आमच्या पदरात वाळवलेला हिरडा बांधला. हिरडा गोळा करणे हा त्या डोंगरातला जुना व्यवसाय आहे.

तेथून आहुप्यास गेलो. रस्ता अरुंद असला तरी गाडी गावापर्यंत पोहोचते, म्हणूनच हे स्थळ आम्ही निवडले होते. गावाजवळ जुनी देवराई आहे. तिच्यातील झाडांना गावकरी कुऱ्हाड लावीत नाहीत. पलीकडे सह्याद्रीचा कडा एकदम तुटतो आणि खाली कोकण दिसते. गोरखगड आणि मच्छिंद्रगड ह्यांचे सुळके वरून पाहावयास मिळतात. कड्यापासून पुष्कळ अंतर ठेवून मातोश्रींसाठी खुर्ची मांडली. कड्याच्या त्या बाजूला पडलेले पाणी कोकणात उतरून पश्चिम समुद्राला जाते, आणि ह्या बाजूचे घोड, भीमा, कृष्णा असा प्रवास करीत पूर्व समुद्राला जाऊन मिळते. हे नातवाने समजावून दिले तेव्हा त्या म्हणाल्या, “म्हणजे मध्ये वीतभर माती, आणि दोन पाण्यांची पुन्हा भेट नाही.” धाकटे बंधू जवळच उभे होते. ते काही बोलले नाहीत, आम्हीही बोललो नाही.

तिसऱ्या दिवशी भीमाशंकर. तीन हजार फुटांहून अधिक उंचीवरचे हे ज्योतिर्लिंग दाट झाडीच्या खोबणीत आहे; वरून दोनअडीचशे पायऱ्या उतरून जावे लागते. मंदिराचे शिखर नाना फडणविसांनी बांधविले, आणि चिमाजी अप्पांच्या १७३९ च्या वसई-विजयानंतर आलेली एक मोठी घंटा तेथे आहे. त्रिपुरासुराच्या वधानंतर श्रमलेल्या शंकराच्या घामातून भीमा निघाली, अशी कथा सांगतात. भोवतालचे रान १९८५ पासून अभयारण्य आहे. आपल्या राज्याचा प्राणी शेकरू तेथे झाडांवरून उड्या घेताना दिसतो, आणि मुलांना देवदर्शनापेक्षा त्याचेच दर्शन अधिक पावन वाटले.

मातोश्रींसाठी डोलीची व्यवस्था केली होती. परंतु पहिल्या वीस-पंचवीस पायऱ्या आपण पायीच उतरणार, असा त्यांनी हट्ट धरला. एका बाजूस आम्ही, दुसऱ्या बाजूस धाकटे बंधू, असे त्यांचे दंड धरून उतरू लागलो. एकाच लयीत पाय टाकल्याशिवाय त्यांना उतरविता येत नव्हते; म्हणून “दादा, थांब”, “आता डावा”, “हं, चल” असे दोघांचे बोलणे सुरू झाले. त्या पंचवीस पायऱ्यांत आम्ही दोघे भाऊ जितके बोललो, तितके गेल्या सात वर्षांत बोललो नव्हतो. पुढे डोलीत बसताना मातोश्री म्हणाल्या, “झाले माझे दर्शन.” देऊळ अजून खाली होते.

चौथ्या दिवशी परत निघालो. वाटेत नातीने वही वाचून दाखवली. थैलीत अठराशे रुपये उरले होते आणि ते कोणी घ्यावे ह्यावर दोघी जावांचा प्रेमाचा वाद झाला. शेवटी ते पौषातल्या हुरड्यासाठी राखून ठेवावेत असे ठरले, आणि त्या हुरड्याला शिरूरचे सर्व लोक दौंडला गेले. आता संक्रांत दौंडला व गुढीपाडवा शिरूरला, असा क्रम दोन्ही घरांनी मान्य केला आहे. मातोश्रींची ट्रंक अजूनही इकडून तिकडे जाते, पण ती पोचवावयास येणारा भाऊ जेवून, एक रात्र राहून परत जातो.

पुतण्याने कोरियाचा विचार सोडलेला नाही. पारपत्रांचे अर्ज त्याने भरविले आहेत, आणि त्यात मातोश्रींचाही एक आहे. एवढे तास बसून राहणे त्यांना जमेल की नाही, हे वैद्य पाहतील. नाही जमले तर बेत पुन्हा त्यांच्या पावलांच्या मापाने बदलावयाचा, हे मात्र आधीच ठरले आहे.